गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध मातांच्या आरोग्यसेवेबाबत निवेदन

दिनांक : 12 मे 2025

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रत्नागिरी.

विषय : मुले नोकरीनिमित्त मुंबईत असल्याने गावी एकट्या राहणाऱ्या वृद्ध मातांना वाडीपर्यंत नियमित आरोग्यसेवा मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सर्वजण या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांचे. पोटापाण्यासाठी मुंबई, ठाणे, वसई-विरार भागात राहतो. मे महिन्याच्या सुटीत सगळे गावी आलो आहोत, म्हणून एकत्र बसून हे निवेदन लिहीत आहोत. आमच्या आया गावी राहतात. बहुतेकांचे वडील आता नाहीत.

2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. हा आकडा अनेकदा कौतुकाने सांगितला जातो. पण गाव सोडून मुंबईला गेलेले पुरुष त्या मोजणीत नाहीत म्हणून तो एवढा मोठा आहे. शेती आणि सासू-सासरे सांभाळायला ज्या बायका मागे राहिल्या, त्याच आज सत्तरी-ऐंशीच्या झाल्या आहेत. त्यांनी सासूचे शेवटपर्यंत केले. त्यांचे करायला आज घरात कोणी नाही.

आईला मुंबईला का नेत नाही, असे आम्हाला कायम विचारले जाते. काही जण नेऊन पाहतात. चाळीतली एक खोली, नाहीतर लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला, मुलगा-सून दोघेही दिवसभर कामावर. तिथे ती दाराशी बसून राहते, भूक कमी होते, बोलणे कमी होते आणि महिन्या-दोन महिन्यांत गावी सोडा म्हणते. गावी तिचे परसू आहे, देवापुढचा दिवा आहे, शेजारीण आहे, गणपतीला उघडे लागणारे घर आहे. तिला तिथेच राहू द्यावे आणि तिथेच तिची देखभाल व्हावी, असे आम्हाला वाटते. पैसे आम्ही पाठवतो, रोज फोन करतो. पण मुंबईहून रक्तदाब मोजता येत नाही.

आम्ही नवी योजना मागत नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यातील कलम 20 प्रमाणे सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, शक्य तितक्या ज्येष्ठांना खाट मिळावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचाराची राखीव सोय अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली असावी. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांची घरभेट अपेक्षित आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. या सर्वाबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहोत. मात्र ते कार्ड उपयोगी पडते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आमच्या आयांना ज्याची गरज आहे ते त्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि तेच वाडीपर्यंत पोहोचत नाही.

रक्तदाबाच्या गोळीचेच पाहा. ती मोफत मिळते, पण महिन्याभराचीच. ती आणायला घरापासून पाखाडी उतरायची, साकव ओलांडायचा, रस्त्यावर एसटीची वाट पाहायची. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ही मोठी सोय झाली. पण ज्या वाडीला दिवसातून दोनच गाड्या आहेत, तिथली बाई एका गोळीसाठी सकाळी निघून संध्याकाळी घरी येते. पावसाळ्यात तर पऱ्या भरला की जाणेच बंद. मग गोळ्या संपतात आणि ती त्या परस्पर बंद करून टाकते. फोनवर विचारले तर म्हणते, ''काय होतंय मला, बरी हाय मी.'' आणि ती खोटे बोलत नसते, कारण रक्तदाब दुखत नाही. तो वाढल्याचे कळते ते एका बाजूचा हात-पाय लुळा पडल्यावर.

दुसरे म्हणजे पडणे. आमच्यातल्या एकीची आई श्रावणात न्हाणीकडे जाताना शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. हाकेला आली ती तिच्याच वयाची शेजारीण. खुर्चीला बांबू बांधून चौघांनी तिला पाखाडीने खाली आणले, तेव्हा कुठे ती रुग्णवाहिकेत पोहोचली. शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून झाली, घरच्यांना खर्च आला नाही. पण नंतर तिला पुन्हा चालायला शिकवणारे गावात कोणी नव्हते, आणि व्यायामासाठी रोज तालुक्याला जाणे तिला शक्य नव्हते. आज ती भिंत धरून चुलीपर्यंत जाते, अंगणात उतरत नाही. न्हाणीच्या वाटेवर लोखंडी कठडा, खरखरीत फरशी आणि रात्रीचा एक दिवा असता, तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू वेळीच काढला असता, तर ही वेळ बहुधा आली नसती. शस्त्रक्रियेपुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे, पण तो कोणत्याही कार्डात बसत नाही.

तिसरा विषय लिहिताना संकोच होतो, तरी लिहिणे भाग आहे. आमच्या आयांनी आयुष्यभर लाकडाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे, भाताचे भारे डोक्यावरून वाहिले. बाळंतपणानंतर अंग भरून येण्याआधीच त्या शेतात उतरल्या. त्यातल्या अनेकींचे अंग बाहेर येते, लघवी धरवत नाही. हे त्या मुलाला सांगत नाहीत, सुनेलाही नाही, आणि पुरुष डॉक्टरला तर नाहीच. पाणी कमी पितात, लग्नकार्याला जायचे टाळतात, एसटीत बसायला घाबरतात, आणि आम्हाला वाटते आईला आता कुठे जावेसेच वाटत नाही. यावर व्यायाम आहेत, आत बसवायची साधी कडी आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आहे. एवढी वर्षे निमूट सोसलेल्या त्रासावर उपाय आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही. आमच्या सर्व मागण्यांत ही मागणी आम्हाला सर्वांत जवळची आहे, आणि ती सह्या करणाऱ्या लेकी-सुनांनी आग्रहाने घातली आहे.

ऐकू न येणे, दात नसल्याने पेज-भातावरच राहणे, गॅस चालू ठेवून विसरणे, त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे, हे सगळे ''वय झालं'' म्हणून सोडून दिले जाते. विसरण्यामागे कधी थायरॉइड असतो, कधी जीवनसत्त्वाची कमतरता, कधी मनाची उदासी, कधी खरोखर स्मृतिभ्रंशाची सुरुवात. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीवरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का, हे त्यात विचारलेले असते. म्हणजे कोणत्या घरातली म्हातारी अडचणीत आहे, याची माहिती शासनाने गोळा केलेलीच आहे. या उत्तरांवरून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची वाडीनिहाय यादी पावसाळ्याआधी तयार करावी, आणि यादीतल्या प्रत्येक घरी उपकेंद्राच्या परिचारिकेची किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची महिन्यातून एक भेट ठरवून द्यावी. त्या भेटीत रक्तदाब, साखर, वजन आणि गोळ्यांची पाकिटे पाहिली जावीत. आशाताईंवर आधीच पुष्कळ कामे आहेत. यादीच्या या जादा कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा, अन्यथा ही मागणी त्यांच्यावर अन्याय करणारी ठरेल.

त्या यादीत आईच्या संमतीने एका मुलाचा किंवा मुलीचा मोबाईल क्रमांक नोंदवावा. रक्तदाब वाढलेला आढळला, गोळ्या बंद केलेल्या दिसल्या, घर दोन दिवस बंद दिसले, तर त्या क्रमांकावर एक फोन जावा. याला निधी लागत नाही.

जून ते सप्टेंबरसाठी रक्तदाब व मधुमेहाच्या स्थिर रुग्णांना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, एका वेळी दोन ते तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील ज्येष्ठ तपासणीचा वार एसटीच्या वेळा पाहून ठरवावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

वर्षातून दोनदा, भातलावणीआधी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फक्त वयस्क स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. दवंडी पिटताना ''गर्भाशयाची तपासणी'' असे म्हणू नये, कोणी येणार नाही. डोळे, कान, दात, गुडघे आणि बायकांच्या तक्रारी अशी एकत्र तपासणी ठेवावी.

जिल्हा रुग्णालयातील ज्येष्ठांचा कक्ष, वेगळी रांग आणि फिजिओथेरपी यांची आजची स्थिती लेखी जाहीर करावी. हाड मोडून घरी परतलेल्या रुग्णाकडे फिजिओथेरपिस्टच्या किमान काही घरभेटी व्हाव्यात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे महिना 1,500 रुपये हाच अनेकींचा स्वतःच्या हातातला एकमेव पैसा असतो. मुलाकडे न मागता डॉक्टरची रिक्षा करता येते, ती याच पैशातून. पण आयुष्यभर शेणामातीत, राखेत काम केलेल्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत. यंत्रावर अंगठा उमटत नाही, मग बाई परत जाते, पुन्हा येते. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. हयातीचा दाखला आणि आधार पडताळणी तलाठ्यांमार्फत घरी जाऊन, या सोयीने करावी. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सत्तरीपुढच्या ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्यास बँकांना सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी जिल्ह्याच्या बँकांकडून करून घ्यावी. श्रावणबाळ योजनेसाठीची वार्षिक 21,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा म्हणजे महिन्याला 1,750 रुपये होतात. इतक्या कमी पैशात आज कोणाचेच घर चालत नाही. ती वाढवण्याची शिफारस आपण शासनाकडे करावी.

केरळने 2008 मध्ये धोरण करून अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम स्थानिक पंचायतींच्या साह्याने उभे केले. आपल्याकडे प्रत्येक ग्रामपंचायतीत उमेदच्या बचत गटातल्या दोन स्त्रियांना आंघोळ घालणे, कुशी बदलणे, जखमेची काळजी, गोळ्या वेळेवर देणे याचे प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमता येईल. आज हे काम शेजारणी फुकट करत आहेत, आणि त्याही म्हाताऱ्या होत आहेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाखाड्यांना कठडे आणि वाटेवरचे दिवे यांना अग्रक्रम द्यावा.

सगळीच मुले विचारपूस करतात असे नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. ज्या आईला मुलांनी टाकले आहे, तिला निर्वाहासाठी प्रांत कार्यालयात खेपा घालाव्या लागू नयेत. कायद्याने 90 दिवसांत निकाल अपेक्षित असलेल्या या अर्जांची सुनावणी महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी ठेवावी. मदतीच्या 14567 या क्रमांकाचा फलक प्रत्येक वाडीत लावावा.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, हेही सांगतो. आमच्या प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला आम्ही वर्गणी काढतो, तशीच पाखाडीच्या कठड्याला आणि वाडीसाठी रक्तदाबाच्या यंत्राला काढू. तपासणीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याच्या गाडीचे भाडे मंडळे देतील. प्रत्येक आईमागे एक मुलगा किंवा मुलगी आरोग्य केंद्राशी संपर्कात राहील, फोन उचलेल आणि बोलावले तर पहिल्या गाडीने येईल.

मृग लागण्याआधी आपण जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि समाजकल्याण विभागाचे अधिकारी यांच्यासह एक बैठक घ्यावी आणि आम्हाला बोलवावे, ही विनंती. सुटी संपवून परत गेलेलेही त्या दिवशी रजा टाकून येतील. बैठकीत ज्या मागण्या मान्य होणार नाहीत, त्यांची कारणे आम्हाला लेखी मिळावीत.

आपले विश्वासू,
गावी राहणाऱ्या मातांची मुले, मुली व सुना
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
मा. जिल्हा शल्यचिकित्सक
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी
मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण