बालमानसोपचार ओपीडी स्वतंत्र करण्याबाबत पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता

महोदय,

देशातले पहिले चाइल्ड गायडन्स क्लिनिक १९३७ साली मुंबईत सुरू झाले. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ते काढले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांनी मिळून मूल, त्याचे घर आणि शाळा समजून घ्यायची, ही अशा क्लिनिकची पद्धत. त्याच राज्यात, इतक्या वर्षांनी, आमच्या मुलांना प्रौढांच्या ओपीडीत उभे राहावे लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सदस्याचा सहा वर्षांचा स्वमग्न मुलगा सकाळी आठपासून त्या रांगेत होता. नंबर पुकारणाऱ्या भोंग्याने घाबरून, कान दाबून तो बाकाखाली शिरला. एक वाजता ओपीडी बंद झाली आणि केसपेपरवर पुढच्या आठवड्याची तारीख पडली. आईचा दिवसाचा रोज बुडाला. पुढच्या खेपेला मुलगा फाटकाच्या आत यायलाच तयार होईना.

बालरोग विभागातली लसीकरणाची खोली दुपारी दोननंतर रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस, दोन ते पाच, तिथे मुलांची स्वतंत्र ओपीडी भरवावी. नव्या मुलाला किमान ४५ मिनिटे द्यावीत आणि वेळ आधी कळवावी. यासाठी एक वीटही नव्याने रचावी लागणार नाही.

सामाजिक कार्यकर्त्याचे पद रिकामे आहे. त्यामुळे शाळेशी बोलायला कोणी जात नाही आणि औषध सुरू झाले तरी वर्गात मुलाचा छळ चालूच राहतो. नियमित भरती होईपर्यंत हे पद ११ महिन्यांच्या करारावर भरावे.

अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. तरी चाचण्यांच्या तारखा लांबतात. दहावीच्या सवलतीची मुदत टळल्यावर हाती आलेले प्रमाणपत्र त्या वर्षी निरुपयोगी ठरते. चाचणी ३० दिवसांत व्हावी आणि तिची तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून मिळावी. दहावीच्या मुलांना प्राधान्य द्यावे.

भरती कराव्या लागणाऱ्या मुलांबाबत मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ स्पष्ट आहे. कलम ८७ नुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवायचे असते आणि त्याच्याजवळ पूर्ण काळ सोबतीचे माणूस असावे लागते. बालरोग कक्षातल्या दोन खाटा यासाठी राखून ठेवाव्यात.

ही गरज मूठभर घरांची नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले.

या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे आणि बैठकीची तारीख कळवावी. आमचे पाच प्रतिनिधी येतील. सदस्यांचे दोन वर्षांचे केसपेपर आम्ही सोबत आणू.

आपले,
अध्यक्ष व सर्व सदस्य, पालक संघटना