डोळ्यातल्या घडाचा पंचनामा

‘घडच दिसत नाही, तर नुकसान कशाचे लिहू?’ वांझ फुटींनी भरलेल्या द्राक्षबागेत पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने असे विचारल्याची पत्रे गेल्या हंगामात दिंडोरी, निफाड, चांदवड तिन्हीकडून आली. तडकलेले मणी दाखवा, कुजलेला घड दाखवा, मग टक्केवारी टाकतो, असे त्याचे म्हणणे. डोळ्यातच बाळी, म्हणजे वेढे घेणारा तंतू, होऊन गेलेला घड बागायतदाराने दाखवायचा कुठून?

हे नुकसान ऑक्टोबर छाटणीनंतरचे नव्हेच. २०२५ च्या मे महिन्यात आभाळ हटले नाही, २६ मेला तर मॉन्सून मुंबईत पोचला. ऐन सूक्ष्म घडनिर्मितीच्या दिवसांत डोळ्यांना ऊन मिळाले नाही. डोळ्यातला एकच कोवळा गोळा सायटोकायनिन या संजीवकाचा जोर असला तर घड होतो, जिब्रेलिनचा असला तर बाळी. ऑस्ट्रेलियातील बॉस आणि थॉमस यांनी २००२ मध्ये हे जनुकापर्यंत नेऊन दाखवले. पिनो म्युनिए वाणापासून मिळालेल्या बुटक्या वेलीत जिब्रेलिनला अडवणारे डेला प्रथिन बदललेले होते. ते जिब्रेलिनला दाद देत नव्हते, आणि त्या वेलीवर बाळीच्या जागी घड लागले. एरवी डेलाचा ब्रेक जास्त लागला की पेशी स्वतःच जिब्रेलिन वाढवायला घेते. तिचा तोल तीच सांभाळते. म्हणून ढगाळ हवेत जिब्रेलिन रोखायला फवारल्या जाणाऱ्या लिहोसिनची मात्रा दुप्पट करणाऱ्यांनी आता थांबावे. २०१० मध्ये त्याच औषधाच्या अंशापायी युरोपात आपला माल अडकला होता, हे इतक्या लवकर विसरलो?

फळपीक विम्यातही या नुकसानीला जागा नाही. अवेळी पावसाचे संरक्षण सुरू होते ऑक्टोबरच्या मध्यावर. घड ठरतो खरड छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत, त्या दिवसांना विमाच नाही. बरे, पुरावा नाही असेही नाही. ब्लेडने डोळ्याचे पापुद्रे सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. घड असेल तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगीर गोळा दिसतो, बाळीत गेलेला निमुळता दिसतो. दहा मिनिटांचे काम. तो अहवाल पंचनाम्याला जोडायला कोणाची हरकत असावी?

पण अहवाल आहेत किती जणांकडे? शेजाऱ्याने छाटली म्हणून आपणही छाटली, किती डोळे राखायचे तेही त्यालाच विचारून, असे करणारे आपल्यात थोडे नाहीत. काडी न तपासता डोळे फुटण्याची पेस्ट लावायची आणि फुटी वांझ निघाल्या की दोष पेस्टला द्यायचा, हे किती वर्षे चालणार?

बागायतदार बंधूंनो, खरड छाटणी सुरू आहे. छाटणीची तारीख, ढगाळ दिवस, फवारणी वहीत लिहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येक प्लॉटच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासणीला न्या, आणि अहवालाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. गट नंबर, वाण, कितव्या डोळ्यावर घड, एवढे त्यात हवे. तालुकावार मांडून ते सारे आम्ही ऑक्टोबरपूर्वी कृषी आयुक्तालयात घेऊन जाणार आहोत.