तत्त्वज्ञानाची वाटणी

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांची तत्त्वज्ञानाची तोंडी परीक्षा घेण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. समोर बसलेली विद्यार्थिनी हुशार होती. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी ही व्याप्ती आधी सिद्ध व्हावी लागते, आणि ती तर कधीच सिद्ध होऊ शकत नाही, हा चार्वाकांचा आक्षेप तिने बिनचूक मांडला. आम्ही सहज विचारले, "मग ह्यूमचे म्हणणे याहून निराळे आहे काय?" ती क्षणभर गोंधळली आणि मोठ्या विनयाने म्हणाली, "सर, तो दुसऱ्या पेपरातला प्रश्न आहे."

आम्ही तिला दोष देत नाही. तिने आमचाच धडा आम्हांस म्हणून दाखविला. भारतीय दर्शने एका सत्रात, पाश्चात्य तत्त्वज्ञान दुसऱ्यात, तर्कशास्त्र तिसऱ्यात आणि नीतिशास्त्र चौथ्यात, ही वाटणी आम्हां अध्यापकांनीच केलेली आहे. भाऊबंदांनी वाडा वाटून घ्यावा, मध्ये भिंती घालाव्या, आणि विहीर मात्र कोणाच्याच वाट्यास येऊ नये, तशी ही स्थिती आहे.

तत्त्वज्ञानास शाखा असूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. शाखा फार जुन्या आहेत. ग्रीसमधील स्टोइक पंथाने तर्क, निसर्गविचार आणि नीती असे तीन भाग मानले होते. परंतु ते समजावून देताना त्यांनी शेताची उपमा दिली: तर्क हे कुंपण, निसर्गविचार ही जमीन आणि नीती हे पीक. आमच्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांतही अशीच कल्पना आढळते. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प व वितंडा, असे तेथे सांगितले आहे. दोन दूरच्या देशांतील विचारवंतांना वादविद्येसाठी कुंपणच सुचावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कुंपण शेतासाठी असते. आमच्या विद्यापीठांतून मात्र विद्यार्थ्यास कुंपण एका वर्षी दाखवितात, जमीन दुसऱ्या वर्षी, आणि पीक कोठून येते हे ज्याचे त्याने ओळखावयाचे. गुण चांगले पडतात म्हणून अकरावी-बारावीस तर्कशास्त्र घेणाऱ्या कित्येकांस तर कुंपणाच्या आत काही असते, याचा पत्ताही लागत नाही.

या वाटणीने नुकसान काय होते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाची कल्पना केली आहे. जहाज जुने झालेले, ते समुद्रावर टिकेल की नाही अशी मालकास शंका. परंतु त्याने ती शंका प्रयत्नपूर्वक मनातून काढून टाकली आणि जहाज सुखरूप पोहोचेल अशी अगदी प्रामाणिक समजूत करून घेतली. देशांतरास निघालेली कुटुंबे घेऊन जहाज गेले, बुडाले, आणि मालकाने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्डचे म्हणणे असे की, हा मनुष्य अपराधी आहे. इतकेच नव्हे, तर जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो तितकाच अपराधी ठरला असता. आता आम्ही विचारतो, हा प्रश्न कोणत्या पेपरातला? विश्वासास आधार किती पाहिजे, हा ज्ञानमीमांसेचा विषय. अपराध कोणता, हा नीतिशास्त्राचा. दोन्ही तुकडे निरनिराळे पाठ करणाऱ्यास जहाजमालकाचा न्याय करता येणार नाही. आणि हातातल्या फोनवर आलेली अफवा न तपासता दहा घरी पाठविणारा सुशिक्षित गृहस्थ त्याच जहाजमालकाचा भाऊ आहे, हेही त्याच्या लक्षात येणार नाही.

कोणी म्हणतील, ज्ञान अफाट वाढले आहे. श्रमविभाग केल्यावाचून गत्यंतर नाही. पदव्युत्तर संशोधनापुरते हे आम्हांस मान्य आहे. परंतु डोळ्यांचा वैद्यही आधी संपूर्ण देह शिकतो. स्पिनोझाचा १६७७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ 'नीतिशास्त्र' या नावाचा, पण त्याचा पहिला भाग आहे ईश्वरासंबंधी. आमच्या अभ्यासमंडळाने तो कोणत्या पेपरास लावावा? १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्तव्याच्या एका प्रश्नाचा छडा लावण्यासाठी लोकमान्यांनी मिल्ल, स्पेन्सर व ग्रीन यांचा परामर्श घेतला, सांख्यांचे सृष्टिशास्त्र तपासले, आणि मग ते अध्यात्मात शिरले. प्रश्न खरा असला म्हणजे तो शाखांच्या सीमा विचारीत बसत नाही.

दुसरे म्हणतील, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. मग तक्रार कसली? मोकळीक चांगलीच आहे. परंतु निरनिराळ्या खणांतून श्रेयांक गोळा करण्याने खणांमधील भिंती पडत नाहीत. त्या शिकविणाऱ्यानेच पाडाव्या लागतात.

म्हणून आमची सूचना अशी. पदवीच्या पहिल्या वर्षी तत्त्वज्ञानाचे शाखावार पेपर बंद करावेत आणि एका सत्रास एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, जे आपण पाहिले नाही त्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपणांस केव्हा मिळतो? या एका प्रश्नाखाली नैयायिक, चार्वाक, ह्यूम आणि क्लिफर्ड यांस एकाच पंक्तीला बसवावे. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने आपल्या भाषेत एक निबंध लिहावा आणि त्याचे समर्थन वर्गासमोर करावे. शाखा मग खुशाल याव्यात.

यात अडचण विद्यार्थ्यांची नाही, आमची आहे. ह्यूम शिकविणाऱ्यास न्यायसूत्रे वाचावी लागतील आणि न्याय शिकविणाऱ्यास ह्यूम. आम्ही स्वतः कित्येक वर्षे एकाच खणात सुखाने बसलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या तोंडी परीक्षेनंतर घरी येऊन आम्हांस न्यायसूत्रांची पोथी धूळ झटकून काढावी लागली. त्या मुलीस आम्ही पूर्ण गुण दिले. नियमाप्रमाणे ते तिचेच होते. ज्या प्रश्नाचे उत्तर तिला कोणी शोधू दिले नाही, त्याचे गुण मात्र आमच्या वहीतून वजा व्हावयास हवे होते.