आधी सरकारी जमिनीवरचे गाजरगवत

परमुलखातून आलेल्या आणि येथील पिके, कुरणे व माणसांचे आरोग्य यांची हानी करीत फैलावणाऱ्या वनस्पतींना आक्रमक वनस्पती म्हणतात. त्यांचा बंदोबस्त कायद्याने होत नसतो, असे मत वारंवार मांडले जाते आणि त्यासाठी कर्नाटकाचा दाखला दिला जातो. त्या राज्याने 1975 मध्ये गाजरगवत घातक तण म्हणून जाहीर केले, तरी ते तेथे आजही माजलेले आहे. दाखला खरा आहे. पण त्यावरून कायदाच निरुपयोगी ठरत नाही, तर कायद्याचा भार कोणावर टाकावा हा प्रश्न उभा राहतो.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न विशेष स्पष्ट दिसतो. मृगाच्या पावसावर उगवलेले गाजरगवत साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते, एकेक झाड हजारो बारीक बिया टाकते, आणि त्या बिया वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर व वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर दूर जातात. शेतकरी डवरणी आणि निंदण करून सोयाबीनच्या ओळी स्वच्छ ठेवतो. परंतु धुऱ्यापलीकडचा पांदण रस्ता, डांबरी सडकेची कड आणि ई-क्लास, म्हणजे महसूल दप्तरी गुरचरणासाठी राखलेली सरकारी जमीन, येथे तेच तण बिनधोक पिकते आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात उतरते. शिवाय हा जिल्हा जलविभाजकावर वसलेला आहे: काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेमार्गे तापीच्या खोऱ्यात जाते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जातात. येथे माथ्यावर पडलेले बी दोन्ही खोऱ्यांच्या वाटेला लागते. असा प्रसार एकेका सातबाऱ्याच्या हद्दीत अडवता येणार नाही, आणि म्हणूनच शासनाचे नियमन अपरिहार्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, विदेशी वनस्पतींवर बंधने घालायची तर मिरची आणि सीताफळही उपटावे लागेल. हा आक्षेप निकषच चुकीचा धरतो. वाशीमचे मुख्य पीक असलेले सोयाबीनही मूळचे चीनकडचे आहे. पण ते पेरल्यावाचून उगवत नाही आणि रानात पसरत नाही. निकष मूळ देशाचा नसून वर्तनाचा असला पाहिजे. त्या निकषावर सुबाभळीसारखे झाड तपासावे लागते, मग ते जळणाला व चाऱ्याला कितीही उपयोगी असो. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटांना मोकळे माळरान लागते. माळरान म्हणजे पडीक जमीन असे समजून तेथे झपाट्याने वाढणारी विदेशी झाडे लावणे हे वनीकरण नव्हे, अधिवासाचा नाश होय.

तिसरे मत मेक्सिकन भुंग्यावर भिस्त ठेवणारे आहे. 1984 पासून भारतात सोडलेला हा भुंगा गाजरगवताची पाने खातो आणि त्याचे कार्य मोलाचे आहे. परंतु तो प्रामुख्याने पावसाळ्यात सक्रिय असतो व कोरड्या महिन्यांत जमिनीत सुप्त राहतो, तर ओलिताच्या शेताकडेला तण रब्बीतही वाढते. भुंगा नियमनाला साहाय्य करील, त्याची जागा घेणार नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियमातील 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार केंद्राला दिले, हे स्वागतार्ह आहे. पण धुऱ्यावरच्या तणाला दिल्लीची अधिसूचना पुरत नाही. गाजरगवत जागृती सप्ताह 16 ते 22 ऑगस्टला पाळला जातो, तेव्हा जूनअखेरीस उगवलेली पहिली पिढी फुलून गेलेली असते. जिल्हा पातळीवरचा नियम म्हणून तारखेने बांधलेला हवा: सार्वजनिक बांधकाम, महसूल व वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी आपापल्या ताब्यातील जमिनीवरील तण जुलैच्या उत्तरार्धापर्यंत, फुलोऱ्यापूर्वी, मुळासकट उपटावे. फुलापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. या गवताच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो आणि परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. तेव्हा निंदणाऱ्या मजूर स्त्रियांना हातमोजे, तोंडाला बांधायचे कापड आणि पूर्ण मजुरी देणे हा त्याच नियमाचा भाग असावा, मेहेरबानी नव्हे. शेतकऱ्यावरील सक्ती त्यानंतरची. आणि ज्या शेताला लागून असलेली सरकारी जागा साफ झालेली नाही, त्या शेताच्या मालकाला नोटीस बजावण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नसावा.