फोन बदलणारं गिऱ्हाईक भुललेलं नसतं

लहान गावातल्या माणसाला जाहिरात नाचवते, हे मत शहरात आणि गावातही इतक्या वेळा कानावर पडतं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. आधी नोकिया, मग मायक्रोमॅक्स, मग रेडमी, आता विवो. म्हणजे टीव्हीवर जो जास्त दिसला त्याच्यामागे लोक गेले, असा सरळ हिशेब मांडला जातो. कापसाचे पैसे हाती आले की घरातलं पोरगं दुसऱ्याच कंपनीचा फोन घेऊन येतं, अशी वर पुस्तीही जोडली जाते. यात ग्राहकावर दोन आरोप आहेत. त्याला स्वतःची पारख नाही, हा एक. तो कुणाचाच होत नाही, हा दुसरा. मला दोन्ही आरोप अमान्य आहेत. ते तपासायला वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं सिंदी (रेल्वे) हे योग्य ठिकाण आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं स्टेशन, नगर परिषद, कापसाची बाजारपेठ, विदर्भभर नावाजलेला तान्हा पोळा आणि अलीकडे ड्राय पोर्टची चर्चा असं हे गाव आहे. मुंबई-पुण्यात दिसणारी प्रत्येक जाहिरात इथे त्याच दिवशी, त्याच झगमगाटात पोचते. जाहिरात करणारी कंपनी मात्र इथे पोचत नाही. तिचं अधिकृत सेवा केंद्र म्हटलं की एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला नागपूर. माझं सगळं म्हणणं या अंतरातून निघतं.

आधी इतिहास पाहू, कारण जाहिरातीचा विजय म्हणून जी नावं सांगितली जातात त्यांचाच इतिहास उलट साक्ष देतो. 2003 साली आलेल्या नोकिया 1100 चे जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास नग खपले. त्याला टॉर्च होता, बटणांत धूळ शिरत नसे आणि तो हातातून पडला तरी चालत राही. रात्री मोटार सुरू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला या तीन गोष्टी जाहिरातीने पटवून द्याव्या लागल्या नाहीत. पुढे मायक्रोमॅक्सने तीस दिवस बॅटरी टिकण्याचा दावा करत फोन आणला, आणि भारनियमनाने गांजलेल्या गावांनी तो उचलला. याच कंपनीने 2013 मध्ये ह्यू जॅकमन हा हॉलिवूडचा नट जाहिरातीत उभा केला. जाहिरातीच्या जोरावर गिऱ्हाईक टिकत असतं तर या कंपनीचा पाय तेव्हाच रोवला जायला हवा होता. पण सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, 4जी नसलेला फोन एकाएकी कमी कामाचा झाला, त्याच सुमारास चिनी कंपन्यांनी तेवढ्याच पैशांत जास्त चांगला फोन दिला, आणि तो नट काही कामी आला नाही. रेडमी बनवणारी शाओमी तर 2014 मध्ये भारतात आली ती टीव्हीच्या जाहिरातींवर फारसा पैसा न घालता. फ्लिपकार्टवर ठरलेल्या वेळी विक्री आणि वापरणाऱ्यांची तोंडी शिफारस, मुख्यतः एवढ्या बळावर तिने 2017 च्या शेवटच्या तिमाहीत सॅमसंगला मागे टाकलं. भारतातल्या फोनबाजारातल्या या दोन सर्वांत मोठ्या उलथापालथी, आणि दोन्ही वेळा लोकांना हलवणारी गोष्ट जाहिरातीबाहेरची होती.

यावर लगेच विवो आणि ओप्पोचं नाव पुढे येईल, आणि ते यायलाच हवं, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. विवोने आयपीएलच्या शीर्षक प्रायोजकत्वासाठी पाच वर्षांचे 2,199 कोटी रुपये कबूल केले. ओप्पोने 2017 मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीसाठी 1,079 कोटींचा करार केला. आज विवो देशात आघाडीवर आहे. मग जाहिरात जिंकली नाही का? या पुराव्यात एक मोठी भेग आहे. ओप्पोने 2019 मध्येच जर्सी दुसऱ्या कंपनीला सोपवली आणि आयपीएलच्या नावातून विवोही 2022 पासून गेली. नाव मैदानावरून उतरलं तरी दुकानातली विक्री ओसरली नाही. कारण या दोन कंपन्यांनी पैसा क्रिकेटवर ओतला तसाच तो गावोगावच्या दुकानदारांवर घातला. दुकानाची पाटी, काउंटर, जादा कमिशन, माल सतत हाताशी. ऑनलाइन विक्रीवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांना लहान गावात जे जमलं नव्हतं ते यांनी केलं. दुकानदार कमिशनसाठी शिफारस करतो हे खरं, आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. तरी तो दुकानदाराचं ऐकतो, कारण फोन बिघडला तर उद्या सकाळी त्याच माणसाच्या काउंटरसमोर उभं राहता येतं. आयपीएलच्या मैदानावरच्या नावाला जाब विचारता येत नाही. ज्याला जाब विचारता येतो त्याचा सल्ला मानणं हे भुललेल्या माणसाचं लक्षण नव्हे.

आता फोन घेतल्यानंतर काय घडतं ते जवळून पाहिलं पाहिजे, कारण कंपनी बदलण्याचा निर्णय तिथे होतो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. बारा हजारांचा साधा फोन म्हणजे दीड क्विंटल कापूस, तोही हमीभाव पूर्ण मिळाला तर. एवढं मोल देऊन घेतलेल्या फोनकडून कामं कोणती? 2021 पासून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं तर शेतात उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपमधून फोटो काढावा लागतो, आणि फोनला आपण कोणत्या गटात उभे आहोत ते बरोबर कळावं लागतं. 2025-26 पासून भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आली. दुपारच्या उन्हात पडद्यावरचं अक्षर दिसत नाही, कष्टाने झिजलेला अंगठा फोन ओळखत नाही, आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या वर गेला की फोन तापून आपसूक मंद होतो. जाहिरातीत यातलं काही नसतं. तिथे रात्रीचं शहर असतं आणि हसरे चेहरे असतात. मग वर्ष-दीड वर्षाने चार्जिंगची पिन सैल होते. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंगचं चिन्ह उमटतं, म्हणून फोन उशीला टेकवून ठेवावा लागतो. किंवा फोन पडतो आणि पडद्याचं ‘फोल्डर’ जातं. मेकॅनिक सांगतो, ओरिजिनल मागवावं लागेल, दर जास्त पडेल. डुप्लिकेट लगेच टाकून देतो, पण टचची हमी नाही. ओरिजिनल हवं तर वर्धा किंवा नागपूर. जायचा एक दिवस, फोन ठेवून यायचा, आणायला दुसरा दिवस, आणि वेचणीच्या दिवसांत त्या दोन दिवसांची मजुरी गेली. हा हिशेब केल्यावर माणूस ठरवतो की या कंपनीचा फोन पुन्हा नको. शेजाऱ्यालाही तो तेच सांगतो. जाहिरात पाहून तो हलला, असं या सगळ्यात कुठे दिसतं?

म्हणून माझं प्रतिपादन असं की कंपनी बदलणं ही लहान गावातल्या ग्राहकाची तक्रार आहे, आणि त्याच्या हाताशी असलेली तेवढी एकच स्वस्त तक्रार आहे. कायद्याने दुसरी वाट दिली आहे, हे नाकारत नाही. वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, 2020 पासून तक्रार ऑनलाइनही देता येते. पण बारा हजारांच्या फोनसाठी कागद जमवून तारखा सांभाळणारा माणूस विरळा, आणि त्यात त्याचा आळस नाही, त्याचं गणित बरोबर आहे.

निष्ठेचा आरोप तर याहून पोकळ आहे. जानेवारी 2011 मध्ये देशभर नंबर न बदलता मोबाइल सेवेची कंपनी बदलण्याची सोय झाली. लोकांनी सेवा देणाऱ्या कंपन्या बदलल्या, नंबर मात्र घट्ट धरून ठेवला, कारण तो बँकेत, आधारला, गॅसच्या पुस्तकाला, नातेवाइकांच्या वहीत जोडलेला असतो. जिथे टिकून राहण्यात अर्थ आहे तिथे हाच ग्राहक वर्षानुवर्षं टिकतो. हाच माणूस बियाण्याचं वाणही बदलतो, आणि त्याला कुणी चंचल म्हणत नाही. शिवाय निष्ठा कुणाशी ठेवायची? रिअलमी 2018 मध्ये ओप्पोच्या घरातून निघाली, पोको त्याच वर्षी शाओमीच्या. ओप्पोला कंटाळून रिअलमी घेणारा माणूस मुळात फारसा दूर गेलेलाच नसतो. एकाच घराण्याने चार नावं लावून बाजारात उतरायचं आणि ग्राहकाने मात्र एका नावाशी इमान राखायचं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तरुण पोरं हप्त्यावर महागडा फोन घेतात, गरज नसताना घेतात, हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. हौस असते, लग्नकार्यात हातात काय दिसतं याचा मान असतो. तान्ह्या पोळ्याला सजवलेल्या लाकडी नंदीजवळ लेकराचा फोटो चांगला यावा ही इच्छाही असते, आणि तिला मी चूक मानत नाही. पण या हौसेला रस्ता करून देते ती ‘शून्य व्याजा’ची पाटी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा सोडलेल्या सवलतीत लपवलेलं असतं. म्हणजे इथे ग्राहकाला पारख नाही असं म्हणण्याऐवजी पारखायची वस्तूच झाकून ठेवली आहे असं म्हणणं योग्य. फेब्रुवारी 2016 मध्ये 251 रुपयांत स्मार्टफोन देण्याची पानभर जाहिरात आली, लोकांची झुंबड उडाली, कंपनीचं संकेतस्थळ कोसळलं. त्या झुंबडीला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की धोका अडीचशे रुपयांचा होता आणि फोनच्या अनावरणाच्या समारंभाला नामांकित राजकीय मंडळींना बोलावलेलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीच्या संचालकाला अटक झाली ती एका वितरकाच्या तक्रारीवरून. लाखांनी पैसे गुंतवणाऱ्या व्यापाऱ्यालाही जी पारख करता आली नाही ती शेतमजुराने करावी, असं कुणी कोणत्या तोंडाने म्हणावं?

जाहिरातीचं सामर्थ्य मी नाकारत नाही. ते वेगळ्या जागी आहे. कोणता फोन घ्यायचा हे ती ठरवत नाही, फोन कशाने मोजायचा हे ठरवते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, चार्जिंगचे वॉट, पडद्याची चमक, ही मापं तिने घराघरांत रूढ केली. सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार, सुटे भाग किती वर्षं मिळणार, सेवा केंद्र कुठे आहे, ही मापं तिने कधी तोंडावरच आणली नाहीत. जी मापं सांगते तीही नेहमी खरी नसतात. 2012 मध्ये नोकियाला लुमिया 920 च्या जाहिरातीबद्दल माफी मागावी लागली, कारण फोनने चित्रित केल्याचं भासवलेलं दृश्य वेगळ्याच कॅमेऱ्याने घेतलेलं होतं. पाण्यात फोन चालतो अशा जाहिरातींबद्दल इटलीने 2020 मध्ये ॲपलला एक कोटी युरोंचा आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने 2022 मध्ये सॅमसंगला 1.4 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

उरतो शेवटचा आणि सर्वांत विचारपूर्वक घेतला जाणारा आक्षेप. ग्राहक इतका जागा आहे आणि कंपनी बदलून धडा शिकवतो, तर कायदा हवा कशाला? कारण हा धडा उशिरा मिळतो आणि त्याचे पैसे ग्राहक भरतो. नापास ठरलेला फोन फेकलाही जात नाही. तो घरातल्या आईकडे किंवा आजीकडे जातो. अपडेट थांबलेल्या त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो, ‘लाडकी बहीण’ योजनेचे 1,500 रुपये जमा झाल्याचा संदेश येतो आणि यूपीआय चालतं. मुलाने कंपनी बदलून निकाल दिला, पण त्या निकालाची झळ घरात सर्वांत कमी माहितगार असलेल्या माणसाला लागते. ती बाजाराच्या स्पर्धेने भरून निघत नाही. युरोपीय संघाने जून 2025 पासून प्रत्येक स्मार्टफोनवर बॅटरी, दुरुस्तीची सोय आणि पडल्यावर टिकण्याची क्षमता दाखवणारं लेबल सक्तीचं केलं. विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग देण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, आणि दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याचा समितीचा अहवाल 2025 मध्ये त्याच्याकडे आला. जून 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या नियमांत तर आधीच लिहिलं आहे की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. मोडणाऱ्याला दहा लाख, पुन्हा मोडणाऱ्याला पन्नास लाखांपर्यंत दंड. या नियमांत तीन गोष्टींची भर घालावी: अपडेटची शेवटची तारीख, सुट्या भागांची मुदत, आणि जिथे जाहिरात दाखवली त्या जिल्ह्यातल्या सेवा केंद्राचा पत्ता. सिंदीच्या दुकानातल्या पाटीवर त्या मराठीत, मेगापिक्सेलच्याच आकारात लिहाव्यात. याने फोन महाग होतील, असं कंपन्या म्हणतील. पण युरोपात फोन विकताना पहिल्या दोन गोष्टींची माहिती यातल्या बहुतेक कंपन्या आजही देत आहेत. ती मराठीत छापायला कारखाना बदलावा लागत नाही.