ज्याची त्याची ढब

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे जुने लोक म्हणत. मुंबईच्या उपनगरांत बारा कोस चालण्याची गरज नाही. तेथे वर्गातील एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेले, की भाषा बदलते. अंधेरीत कोळी, ईस्ट इंडियन आणि मंगळुरी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी नांदतात. घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथे मराठी आणि गुजराती घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. तमिळ, पंजाबी आणि उत्तरेकडील हिंदी बोलणारी माणसेही येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. या सर्वांची मुले एका शाळेत बसून इंग्रजीचा एकच धडा वाचतात. धडा एकच असतो, परंतु प्रत्येकाच्या मुखातून तो निराळा ऐकू येतो.

गुजराती घरातील एखादे मूल 'हॉल'ला 'होल' म्हणते आणि 'स्नॅक्स'चे 'स्नेक्स' करते. उत्तरेकडून आलेल्या मुलाच्या तोंडी 'स्कूल'चे 'इस्कूल' होते. दक्षिणेकडील मूल 'एच' या अक्षराला 'हेच' म्हणते. मराठी मूल 'झिरो' म्हणताना 'झ'वर असा काही भर देते, की इंग्रज मनुष्य क्षणभर बुचकळ्यात पडावा. अशा वेळी वर्गात हसू फुटते. ते हसू क्षणभराचे असते. पण ज्याच्यावर ते पडते, त्याच्या मनातून ते लवकर जात नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्नाचे उत्तर येत असूनही तो हात वर करीत नाही. जो बोलत नाही त्याच्या चुका सुधारत नाहीत आणि ज्याच्या चुका सुधारत नाहीत तो मागे पडतो. एका हसण्याची किंमत ही एवढी मोठी असते.

उच्चाराची ही निराळी ढब कोठून येते, हे समजून घेतले तर हसण्याचे कारणच उरत नाही. तान्हे मूल आरंभी सर्व प्रकारचे ध्वनी ओळखू शकते. पुढे वर्षभरात त्याचा कान घरातील भाषेला सरावतो. जिभेलाही त्याच भाषेचे वळण पडते. मग दुसऱ्या भाषेतील अपरिचित ध्वनी आला, की जीभ त्याच्या जवळचा ओळखीचा ध्वनी उचलते. इंग्रजीतील 'ट' हा दातांच्या मागील हिरडीला जीभ लावून काढतात. आपल्या बोलण्यात तो ध्वनी नाही, म्हणून आपल्यापैकी बहुतेक जण तेथे आपला टाळूकडचा 'ट' योजतात. 'थ्री' या शब्दातील पहिला ध्वनी दातांमधून वारा घासून निघतो. आपण तेथे 'थाळी'तला 'थ' बसवतो. हा आळस नव्हे आणि मंदबुद्धीही नव्हे. आईच्या भाषेने जिभेवर केलेला हा पहिला संस्कार आहे.

हाच न्याय इंग्रजांनाही लागू पडतो. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांतील भेद साधता साधत नाही. खुद्द इंग्लंडातही सर्वांची बोलण्याची धाटणी एक नाही. पूर्व लंडनमधील कित्येक लोक 'थ्री'ला 'फ्री' म्हणतात आणि शब्दाच्या आरंभीचा 'ह' गाळून टाकतात. स्कॉटलंडचा मनुष्य 'र' घोळवून बोलतो. आयर्लंडात तर 'एच' या अक्षराला 'हेच'च म्हणतात. जी ढब शिष्टांची म्हणून मिरवली जाते, ती तेथील फार थोड्या लोकांच्या घरी बोलली जाते. तेव्हा शुद्ध इंग्रजी उच्चार म्हणून ज्याची पूजा केली जाते, तीही एक ढबच आहे.

गांधीजी १८८८ साली शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे इंग्रज सभ्य गृहस्थ बनण्याच्या हौसेने त्यांनी उंची पोशाख शिवून घेतला, नृत्याचे धडे घेतले आणि भाषण करण्याच्या कलेसाठी शिक्षकही ठेवला. थोड्याच महिन्यांत त्यांना या नादाची निरर्थकता पटली आणि त्यांनी तो सोडून दिला. पुढे १९३१ साली ते लंडनला गेले, तेव्हा त्यांचे एक इंग्रजी भाषण ध्वनिमुद्रित झाले. ते आजही ऐकावयास मिळते. त्या बोलण्यात गुजरातची छटा स्पष्ट आहे, आणि तरीही प्रत्येक शब्द कळतो. परक्यासारखे बोलण्याचा नाद त्यांनी सोडला, परंतु स्पष्ट बोलणे सोडले नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे बोलणे थोरांना शोभते. सामान्य माणसाला पोटासाठी परक्यासारखेच बोलावे लागते. या म्हणण्यात तथ्य आहे. इ. स. २००० च्या सुमारास मालाड, अंधेरी, पवई या भागांत परदेशी ग्राहकांच्या दूरध्वनींना उत्तरे देणारी मोठमोठी कार्यालये उभी राहिली. तेथे हजारो तरुण-तरुणी रात्रभर जागून काम करू लागल्या. त्यांतील कित्येकांना परदेशी नावे घ्यावी लागली आणि अमेरिकनांसारखे बोलण्याचे पाठ गिरवावे लागले. त्यांनी कष्टाने संसार उभे केले, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु नोकरीसाठी एखादा वेश चढवणे वेगळे, आणि आपली मूळची वाणी हीन मानणे वेगळे.

मग इंग्रजी बोलताना काळजी कशाची घ्यावी? याचे उत्तर याच उपनगरांत मिळते. अंधेरी, विलेपार्ले आणि सांताक्रूझ यांच्या मध्ये मुंबईचा मोठा विमानतळ आहे. तेथे देशोदेशींचे वैमानिक जमिनीवरील नियंत्रकांशी इंग्रजीत बोलतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. त्यांतील एक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. त्याच्या चालकांचे इंग्रजीचे ज्ञान तोकडे होते, हे चौकशीत पुढे आले. भाषा न समजणे किती घातक ठरते, हे अशा अपघातांनी जगाला दाखवून दिले. म्हणून २००८ सालापासून वैमानिकांच्या व नियंत्रकांच्या इंग्रजीसाठी आंतरराष्ट्रीय कसोटी लागू झाली. तिचा अर्थ थोडक्यात असा, की उच्चारावर मातृभाषेची छाया असली तरी चालेल. पण तिच्यामुळे ऐकणाऱ्याच्या समजण्यात वारंवार अडथळा येता कामा नये. वैमानिकांच्या भाषेत तर 'थ्री'ला 'ट्री' म्हणण्याचा नियमच आहे. ज्या ध्वनीवर अनेक देशांतील लोक अडखळतात, त्याचा तेथे हट्ट नाही.

जेथे माणसांचे प्राण पणाला लागतात तेथे जर ही कसोटी पुरते, तर ती शाळेच्या वर्गातही पुरावी. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर आघात असतो. 'फोटोग्राफ' म्हणताना तो पहिल्या भागावर येतो, तर 'फोटोग्राफर' म्हणताना दुसऱ्यावर. हा आघात चुकला तर ओळखीचा शब्दही कळत नाही. म्हणून त्याचा अभ्यास अवश्य करावा. सावकाश बोलावे, शब्दांचे शेवट गिळू नयेत, आणि न कळल्यास पुन्हा विचारावे. एवढे केले म्हणजे बोलणाऱ्याचे कर्तव्य पूर्ण झाले. उरलेला अर्धा भार ऐकणाऱ्याने उचलावयाचा असतो.

आणि हा प्रश्न केवळ इंग्रजीचा नाही. इंग्रजी उच्चारावरून कोणी हसले की ज्याला वाईट वाटते, तोच गावाकडून आलेल्या मुलाच्या 'पानी' या शब्दाला हसतो. 'कमळ'ला 'कमल' म्हणणाऱ्या शेजाऱ्याची तो नक्कल करतो. ज्यांचे बालपण जोगेश्वरी आणि विलेपार्ले येथे गेले, त्या पु. ल. देशपांडे यांनी शॉ यांच्या इंग्रजी नाटकावरून 'ती फुलराणी' हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आणले. त्यात फुले विकणारी एक मुलगी शिष्टांसारखे बोलावयास शिकते. तिला ती बोली साधते; पण तिला माणूस म्हणून मान द्यावयाचा असतो, हे तिच्या विद्वान शिक्षकाच्या लक्षात येत नाही.

वर्गातील कोणी उद्या 'इस्कूल' म्हणेल, कोणी 'होल' म्हणेल. योग्य उच्चार त्याला मित्रत्वाने अवश्य सांगावा; परंतु तो काय सांगत आहे, हे आधी ऐकून घ्यावे. जिभेची ढब माणसाला घरातून मिळते, तीत त्याचा अपराध नसतो. दुसऱ्याच्या ढबीला हसण्याची सवय मात्र ज्याची त्याने लावून घेतलेली असते, आणि ती सोडणे त्याच्याच हाती असते.