दहा डॉलरचा चोर

शनिवार हा आमच्या आटपाडीच्या बाजाराचा दिवस. शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराला लांबलांबचे लोक येतात. सौदे आटोपले की त्यांतले दोनचार जण हमखास माझ्या ओट्यावर टेकतात. मी निवृत्त मास्तर. तेव्हा लोकांची बँकेची पासबुके वाचून दाखवणे हा माझा बिनपगारी धंदा होऊन बसला आहे.

"मास्तर, ह्ये ईस रुपयं कशाचं वं कापलं?"

मी चष्मा चढवतो. मे महिन्याची अखेर आणि रक्कम वीस रुपये, म्हणजे अपघात विम्याचा वर्षाचा हप्ता. चारशे छत्तीस असतील तर ते जीवन विम्याचे. कधी एटीएम कार्डाचे वर्षाचे शुल्क असते, कधी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांचे. सांगून झाले की मी वर दोन शब्द सुनावतोही, "अहो, फॉर्म न वाचता अंगठा कसा उठवलात?" सुनवायला काय जाते? मास्तरकीची खोड जुनी असते.

तर अशा या मास्तरांना परवा अमेरिकेतून चिरंजीवांचा फोन आला.

"आण्णा, माझ्या कार्डावरून कोणीतरी पैसे चोरतंय. दर महिन्याला दहा डॉलर. चौदा महिने झाले, मी आज पाहिलं!"

"चौदा महिने तू कागदच पाहिला नाहीस?" मी मास्तरकी केली.

"बिल आपोआप भरलं जातं, आण्णा. कोण बघतं? आणि गंमत म्हणजे मधे जुन्या कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड आलं, नंबर बदलला. तरी चोर मागे लागलेलाच!"

मी म्हटले, चोराचे नाव काय छापले आहे ते वाच. त्याने एका विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाचे अर्धवट तोडलेले नाव वाचले. या घरात त्या विद्यापीठात कोणी शिकत नाही की शिकलेले नाही. चोरलेले कार्ड चालते की नाही हे पाहायला चोर आधी एखाद्या धर्मादाय संस्थेला किरकोळ देणगी देऊन पाहतात, हे चिरंजीवांना ठाऊक होते. त्याचे बोट 'हा व्यवहार माझा नाही' या बटणावर होते म्हणा ना.

"शेजारी फोन नंबर असेल बघ," मी म्हणालो.

तो आकडे वाचू लागला. पहिले सहा त्याने वाचले. पुढचे चार माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले.

फोनवर दोन्हीकडे शांतता पसरली.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी आम्ही उभयता त्याच्याकडे राहायला गेलो होतो. मुलगा-सून कामावर गेली की घर खायला उठे. सोबतीला स्वयंपाकघरातला एक रेडिओ. तिकडे रेडिओ केंद्रांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहुधा 'डब्ल्यू'ने सुरू होणारी, पश्चिमेला 'के'ने. आमच्या त्या केंद्रावर जाहिरातींचा भडिमार नव्हता. बातम्या, मुलाखती, संगीत, सारे धीमेधीमे, आपल्या आकाशवाणीसारखे. पुढे एक आठवडा असा आला की दर अर्ध्या तासाला निवेदिका श्रोत्यांकडे पैसे मागू लागली. "तुम्ही ऐकता ना? मग थोडा भार उचला." आणि तोच फोन नंबर, पुन्हा पुन्हा. आठवडाभरात मला तो पाढ्यासारखा पाठ झाला.

मला हे मागणे ऐकून वाईट वाटले नाही. जुने दिवस आठवले. १९५५ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गीते गदिमांची, म्हणजे आमच्याच माणदेशच्या माणसाची. संगीत सुधीर फडक्यांचे. गावात रेडिओ मोजके. एका वाड्यात ओसरीवर आम्ही पोरे आधी जाऊन जागा धरत असू. त्या वाड्याचे मालक पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे वर्षाचे पंधरा रुपये भरत. ऐकणारे आम्ही पन्नास, भरणारा एक! १९८० नंतरच्या दशकात आपल्याकडचा हा परवाना बंद झाला, आणि रेडिओला पैसे पडतात हेच आपण विसरून गेलो. इंग्लंडात अजून दूरदर्शन पाहणाऱ्या घराला परवाना लागतो. २०२५ साली त्याची रक्कम वर्षाला साडेएकशे चौऱ्याहत्तर पौंड होती. अमेरिकेत तसा परवाना नाही. तिथे श्रोत्यांची वर्गणी, देणग्या आणि थोडा सरकारी पैसा यांवर अशी केंद्रे चालत आली.

तर मला त्या वाड्याचे मालक आठवले. त्यांचे पंधरा रुपये आमच्या अंगावर होते असे वाटले. मुलाने 'काही लागलं तर असू द्या' म्हणून एक कार्ड टेबलावर ठेवले होते. मी फोन लावला. पलीकडच्या बाईंचे इंग्रजी वेगवान, माझे शाळामास्तरी. दहा डॉलर म्हणालो. त्यांनी आणखी काहीतरी विचारले. मी दोनदा 'येस, येस' म्हटले. आता कळते की त्यांनी 'एकदाच की दरमहा?' असे विचारले असणार! मुलाला संध्याकाळी सांगायचे ठरवले, आणि विसरलो. खरे सांगायचे तर पूर्ण विसरलो नाही. सांगायचा थोडा संकोच वाटला.

बाकीच्या कोड्यांचा उलगडा मग झाला. तिकडची बरीच रेडिओ केंद्रे विद्यापीठांच्या किंवा प्रतिष्ठानांच्या मालकीची असतात, आणि कार्डाच्या कागदावर मालकाचे नाव येते, तेही जागेअभावी तोडून. रेडिओवर ऐकलेले नाव तिथे दिसेलच असे नाही. कार्ड बदलले तरी पैसे जात राहिले त्यातही जादू नव्हती. नव्या कार्डाचा नंबर दरमहा घेणाऱ्या संस्थांना आपोआप कळवण्याची सोय तिकडच्या बँकांनी केलेली असते.

हे सारे कळण्याआधीचा तो फोनवरचा क्षण मात्र मोठा अवघड होता. मी गप्प राहिलो असतो तर? मुलाने तक्रार केली असती. निदान अलीकडच्या महिन्यांचे पैसे परत आले असते, आणि ते त्या केंद्राच्या खिशातून गेले असते, वर दंडासारखा आकार निराळा. २०२५ च्या जुलैत अमेरिकी सरकारने अशा केंद्रांसाठी मंजूर केलेले एकशे दहा कोटी डॉलर रद्द केले. तो पैसा वाटणाऱ्या, १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. लहान गावांतल्या केंद्रांना याचा मोठा फटका. अशा वेळी मी माझ्या लाजेपायी त्यांच्यावर चोरीचा आळ येऊ देणार होतो.

"बाळ," मी म्हणालो, "चोर मीच आहे."

तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. म्हणाला, "आण्णा, पैशांचं काही नाही हो. पण सांगायचं ना. मी सकाळपासून बँकेत, पोलिसांत जायच्या गोष्टी करतोय." त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि त्याचे बरोबर होते. आमच्या घरात बापाने मुलाची माफी मागायची रीत नाही. मी मागितली.

मागून सूनबाईंचा आवाज आला, "अहो, ते केंद्र मी रोज कामावर जाताना ऐकते! बंद करू नका." शेवटी त्याने केंद्राला फोन करून वर्गणी आपल्या दोघांच्या नावावर लावून घेतली. बंदही त्याच एका फोनवर झाली असती.

तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे. अनोळखी रक्कम दिसली की आधी तारीख आणि शेजारचा नंबर पाहावा; मग घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांनासुद्धा, न रागावता विचारावे; मग पैसे घेणाऱ्याला विचारावे. तरीही उलगडा झाला नाही तर मात्र त्याच दिवशी बँक गाठावी. अमेरिकेत तक्रारीला कागद आल्यापासून साठ दिवस मिळतात. आपल्याकडे पहिल्या तीन दिवसांत कळवलेले बरे.

गेल्या शनिवारी एक बाई आली. चाळिशीची असेल. नवरा मार्चमध्ये गेला. त्याचे पासबुक तिने पुढे केले. "मास्तर, बँकेनं ह्यांचं चारशे छत्तीस रुपयं खाल्लं बगा. ईचारा की जरा."

आधीचा मी असतो तर फॉर्म न वाचल्याबद्दल बोललो असतो. या खेपेला मी फक्त नवऱ्याचे वय आणि तो गेल्याची तारीख विचारली. मग म्हणालो, "बाई, हे खाल्लेले पैसे नाहीत. हा विम्याचा हप्ता आहे. मृत्यूचा दाखला घ्या आणि सोमवारी शाखेत जा. दोन लाखांचा अर्ज करायचा आहे."

तिला दोन लाख हा आकडा पटकन कळेना. मी पासबुकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा सांगितले. मग म्हणालो, "चला, सोमवारी मीच येतो तुमच्याबरोबर."